अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि ‘ट्रायो’ची साहाय्य सेवा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या महाविद्यालयात, शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांपैकी कोणीही पदवीधर नाही, किंवा ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न बेताचे आहे, त्यांच्यासाठी ‘स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस’ ही योजना तेथील केंद्र सरकारच्या अनुदानातून चालवली जाते. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यात १९६८ साली झालेल्या दुरुस्तीने ती सुरू झाली. त्याआधी ‘अपवर्ड बाउंड’ आणि ‘टॅलेंट सर्च’ या दोन योजना अस्तित्वात होत्या. ही तिसरी आल्यावर तिघींना मिळून ‘ट्रायो’ म्हटले जाऊ लागले आणि पुढे या गटात आणखी योजना आल्या तरी नाव तेच राहिले. कॉलेजच्या आवारात या कार्यालयाच्या दारावर बहुधा ‘ट्रायो’ एवढेच लिहिलेले असते.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय या राज्यांत नातेवाइकांच्या प्रायोजकत्वावर ग्रीन कार्ड मिळवून आलेली, दुकानात, गोदामात किंवा स्वयंपाकघरात काम करून घर चालवणारी मराठी कुटुंबे आहेत. त्यांची मुले एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजसारख्या किंवा कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजसारख्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांतून शिक्षणाला सुरुवात करतात. अशा घरांतून पात्र असलेले विद्यार्थीदेखील अर्जच करत नाहीत, कारण ‘आपले उत्पन्न जास्त आहे’ किंवा ‘आपण यात बसत नाही’ असे ते स्वतःच ठरवून मोकळे होतात. म्हणून नियमांतील व्याख्या नीट समजून घेणे हाच या संपूर्ण प्रक्रियेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि पुढील माहितीत त्यावरच अधिक भर दिला आहे.

पात्रता

अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा, किंवा केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य घेण्यास पात्र ठरेल असा त्याचा इमिग्रेशनचा दर्जा असावा. ग्रीन कार्डधारक आणि आश्रय मिळालेले निर्वासित या अटीत बसतात. एफ-१ व्हिसावर शिकायला आलेले विद्यार्थी आणि एच-४ व्हिसावर आईवडिलांबरोबर राहणारी मुले बसत नाहीत, मग त्यांचे उत्पन्न कितीही कमी असो. त्यांना कॉलेजची सर्वांसाठी खुली असलेली शिकवणी केंद्रे आणि समुपदेशन वापरता येते, परंतु या योजनेसाठी अर्ज करण्यात त्यांनी वेळ घालवू नये. दुसरी अट अशी की, अर्जदाराने त्याच कॉलेजात प्रवेश घेतलेला असावा किंवा त्याला प्रवेश मंजूर झालेला असावा. तिसरी अट शैक्षणिक गरजेची आहे. विद्यार्थ्याला अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करण्यासाठी योजनेतील एखाद्या सेवेची गरज आहे, असा निर्णय कॉलेजने घ्यायचा असतो. येथे केवळ नापास झालेला विद्यार्थी अभिप्रेत नाही. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर शिक्षणाकडे वळलेली व्यक्ती किंवा गणिताचा पाया कच्चा असलेला विद्यार्थीही ही गरज मांडू शकतो.

याशिवाय अर्जदार पहिल्या पिढीचा विद्यार्थी, कमी उत्पन्न गटातील किंवा अपंग, या तिन्हींपैकी किमान एका गटात असावा लागतो. अपंगत्वाची व्याख्या अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्यातलीच घेतली जाते.

पहिली पिढी म्हणजे कोण

येथे पहिल्या पिढीचा संबंध अमेरिकेत येण्याशी नसून आईवडिलांच्या शिक्षणाशी आहे. ज्याच्या जन्मदात्या किंवा दत्तक घेणाऱ्या आईवडिलांपैकी कोणालाही बॅचलर पदवी मिळालेली नाही, तो पहिल्या पिढीचा विद्यार्थी होय. मोठा भाऊ इंजिनिअर असणे, काका डॉक्टर असणे किंवा आजोबा मुख्याध्यापक असणे यांचा येथे काहीही संबंध नाही. थोरल्या बहिणीने अमेरिकेत पदवी घेतली म्हणून धाकट्याचा हक्क जात नाही.

पदवी कोणत्या देशातील असावी, असा भेद व्याख्येत केलेला नाही. त्यामुळे वडिलांनी पुण्यात बी.कॉम. केले असेल किंवा आईने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून बी.ए. पूर्ण केले असेल, तर ती पदवीच आहे आणि अर्जात ती लपवू नये. उलट बारावी, आयटीआय, पॉलिटेक्निकची पदविका, डी.एड. यांपैकी काहीही बॅचलर पदवीत मोडत नाही. टीवायला विषय राहिले आणि पदवी हाती आलीच नाही, तर नियमाच्या दृष्टीने ती व्यक्ती पदवीधर नाही. कॉलेजात तीन वर्षे घालवली म्हणून आपण पदवीधरातच जमा, असे समजणारे पालक असतात. मुलाच्या दृष्टीने हा समज नुकसान करणारा आहे.

आईवडील विभक्त असलेल्या घरांसाठी वेगळी तरतूद आहे. विद्यार्थी वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी नियमितपणे केवळ आईजवळ राहिला असेल आणि तिच्याच आधारावर वाढला असेल, तर फक्त आईचे शिक्षण पाहिले जाते आणि वडील पदव्युत्तर शिकलेले असले तरी फरक पडत नाही. अठरा वर्षांपूर्वी दोघांपैकी कोणाहीजवळ न राहिलेल्या आणि कोणाचाही आधार न मिळालेल्या विद्यार्थ्यालाही पहिल्या पिढीचा मानले जाते.

विवाह करून अमेरिकेत आलेल्या आणि तिशीत पुन्हा शिक्षण सुरू करणाऱ्या स्त्रियांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. पती पदवीधर आहे की नाही, हे पहिल्या पिढीच्या निकषात विचारलेच जात नाही. विचारले जाते ते तिच्या स्वतःच्या आईवडिलांचे शिक्षण.

उत्पन्नाची मर्यादा आणि नेहमी होणारी गफलत

मागील वर्षी कुटुंबाचे करपात्र उत्पन्न केंद्र सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांहून अधिक नसेल, तर विद्यार्थी कमी उत्पन्न गटात मोडतो. २०२५च्या आकड्यांनुसार ही मर्यादा एकट्या व्यक्तीसाठी २३,४७५ डॉलर, दोघांच्या कुटुंबासाठी ३१,७२५, तिघांच्या कुटुंबासाठी ३९,९७५ आणि चौघांच्या कुटुंबासाठी ४८,२२५ डॉलर होती. अलास्का आणि हवाई या राज्यांत ती याहून जास्त असते. हे आकडे दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचा तक्ता कार्यालयातून घ्यावा.

या नियमात करपात्र उत्पन्न पाहिले जाते, एकूण पगार पाहिला जात नाही, आणि सर्वाधिक कुटुंबे अडखळतात ती येथेच. समजा, आईवडील दोघे मिळून वर्षाला ७७,००० डॉलर कमावतात, संयुक्त विवरणपत्र भरतात आणि घरात दोन मुले आहेत. वरची मर्यादा वाचून हे कुटुंब अर्जाचा विचार सोडून देईल. परंतु २०२४ सालासाठी संयुक्त विवरणपत्रावर मिळणारी प्रमाण वजावट २९,२०० डॉलर होती. ती वजा केल्यावर करपात्र उत्पन्न ४७,८०० डॉलर उरते आणि चौघांच्या कुटुंबासाठी असलेल्या मर्यादेच्या आत बसते. म्हणून पगाराच्या पावत्या न चाळता फॉर्म १०४०, म्हणजे केंद्रीय प्राप्तिकराचे विवरणपत्र, समोर घ्यावा आणि अलीकडच्या वर्षांत करपात्र उत्पन्न ज्या १५व्या ओळीत येते, ती ओळ वाचावी.

आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यांचे उत्पन्न धरले जाते. चोवीस वर्षे पूर्ण केलेले, विवाहित, स्वतःचे मूल सांभाळणारे किंवा अमेरिकी सैन्यात सेवा केलेले विद्यार्थी स्वतंत्र मानले जातात. त्यांचे स्वतःचे, आणि विवाहित असल्यास जोडीदारासह, उत्पन्न पाहिले जाते.

एकाच निकषात बसणाऱ्यांसाठी

कायद्याने कॉलेजवर एक बंधन घातले आहे. योजनेतील किमान दोन तृतीयांश विद्यार्थी एकतर अपंग असावेत, किंवा एकाच वेळी पहिल्या पिढीचे आणि कमी उत्पन्न गटातील असावेत. उरलेल्या एक तृतीयांश जागांवर केवळ एका निकषात बसणाऱ्यांना घेता येते. एखाद्या कॉलेजात १५० विद्यार्थ्यांना सेवा दिली जात असेल, तर त्यांतील १०० तरी पहिल्या प्रकारचे असणे आवश्यक ठरते. यामुळे पदवीधर आईवडिलांच्या, पण अमेरिकेत आल्यावर उत्पन्न घटलेल्या घरातील मुलाचे नाव प्रतीक्षा यादीत जाण्याची शक्यता अधिक असते. अशा विद्यार्थ्याने अर्ज टाळू नये, उलट सत्र सुरू होण्याच्या आधीच द्यावा. दोन्ही निकषांत बसणाऱ्याने दोन्हींची नोंद अर्जात करावी. उत्पन्न सांगायला संकोच वाटतो म्हणून केवळ पहिल्या पिढीच्या चौकटीत खूण करणारा विद्यार्थी स्वतःची संधी विनाकारण कमी करून घेतो.

कागदपत्रे

उत्पन्नाच्या पुराव्यासाठी नियमाने चार मार्ग मान्य केले आहेत : पालकाचे किंवा कायदेशीर पालनकर्त्याचे करपात्र उत्पन्नाविषयीचे स्वाक्षरी केलेले निवेदन, दुसऱ्या सरकारी यंत्रणेकडून झालेली पडताळणी, स्वाक्षरी केलेला आर्थिक साहाय्याचा अर्ज, किंवा स्वाक्षरी केलेले प्राप्तिकर विवरणपत्र. स्वतंत्र विद्यार्थ्याने हे आपल्या नावाने द्यायचे असते. विवरणपत्राची प्रत संगणकातून काढली की तिच्यावर स्वाक्षरी राहून जाते आणि तेवढ्यासाठी अर्ज परत येतो, म्हणून प्रत देण्यापूर्वी ती तपासावी. ज्यांचे उत्पन्न इतके कमी आहे की विवरणपत्र भरावेच लागले नाही, त्यांच्यासाठी निवेदनाचा मार्ग आहे. विवरणपत्र नाही, या कारणाने कोणीही मागे राहण्याची गरज नाही.

नागरिकत्वासाठी पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा ग्रीन कार्ड यांची प्रत मागितली जाऊ शकते. आईवडिलांच्या शिक्षणाबाबत सहसा अर्जातील प्रश्नांची उत्तरे आणि त्याखालची स्वाक्षरी पुरेशी असते. अपंगत्वाच्या आधारे अर्ज असेल, तर कॉलेजच्या अपंग सेवा कार्यालयातील नोंद किंवा तज्ज्ञाचे पत्र जोडावे लागते. यांबरोबर शाळेची किंवा आधीच्या कॉलेजची गुणपत्रके तयार ठेवावीत, कारण शैक्षणिक गरज ठरवताना ती पाहिली जातात.

अर्जाची पद्धत

प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात ही योजना नसते. अनुदान कॉलेजला मिळते, तेही स्पर्धेतून आणि ठरावीक मुदतीसाठी. म्हणून आपल्या कॉलेजात ती सध्या चालू आहे का, हे आर्थिक साहाय्य कार्यालयात किंवा समुपदेशकाकडे आधी विचारावे. अर्ज त्या कॉलेजच्याच ट्रायो कार्यालयात जातो, वॉशिंग्टनला काहीही पाठवायचे नसते आणि अर्जासाठी शुल्क नसते.

त्याआधी ‘फाफ्सा’, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक अर्थसाहाय्याचा अर्ज, भरून ठेवणे हिताचे आहे. विद्यार्थ्याला स्वतःचे ऑनलाइन खाते उघडावे लागते आणि तो अवलंबित असल्यास पालकालाही वेगळे खाते उघडून आपली संमती द्यावी लागते. पालकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी खाते उघडता येते. याच अर्जावरून गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे पेल अनुदान मिळते. २०२५-२६ या वर्षासाठी पेल अनुदानाची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती आणि हे अनुदान परत फेडायचे नसते. ट्रायोतील सहभाग पेलच्या रकमेतून वजा होत नाही.

ट्रायोच्या अर्जात वैयक्तिक माहिती, आईवडिलांचे शिक्षण, उत्पन्न आणि घरातील माणसांची संख्या विचारलेली असते. बहुतेक ठिकाणी एक छोटे निवेदनही लिहायचे असते. त्यात ‘मला मदतीची गरज आहे’ एवढेच लिहून थांबू नये. कोणता विषय अवघड जातो, आठवड्यातून किती तास नोकरी करावी लागते, घरात महाविद्यालयीन कामकाजाची माहिती देणारे कोणी आहे का, पुढे कोणत्या विद्यापीठात जायचे आहे, हे स्पष्ट लिहावे. त्यानंतर साधारणपणे एखादी भेट होते, गरजांची नोंद केली जाते आणि सत्रागणिक भेटींचे वेळापत्रक ठरते.

अठरा वर्षांवरील किंवा कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर कायद्याने त्याचा स्वतःचा हक्क असतो. त्यामुळे आईवडिलांनी कार्यालयात दूरध्वनी करून चौकशी केली तरी विद्यार्थ्याच्या लेखी संमतीविना सहसा माहिती दिली जात नाही. पालकांनी यात अपमान मानू नये. मुलाला सोबत घेऊन जावे, मात्र बोलणे त्याला करू द्यावे.

मिळणाऱ्या सेवा

विषयांची शिकवणी, अभ्यासक्रम निवडण्यासाठी सल्ला, आर्थिक साहाय्याची माहिती आणि फाफ्सा भरण्यास मदत, पैशांच्या व्यवहाराचे शिक्षण, तसेच चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी मदत या सेवा देणे कॉलेजला बंधनकारक आहे. वैयक्तिक समुपदेशन, मार्गदर्शक व्यक्तीची सोबत, किंवा बेघर व फॉस्टर केअरमध्ये (सरकारने सोपवलेल्या पालक-कुटुंबात) वाढलेल्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या काळात तात्पुरती निवासाची सोय, या गोष्टी कॉलेज आपल्या शक्तीनुसार देऊ शकते. काही कॉलेजे पेल अनुदान घेणाऱ्या सहभागी विद्यार्थ्यांना वेगळी रोख मदतही देतात.

माझ्या मते यांत सर्वाधिक मोलाची सेवा अभ्यासक्रम निवडीच्या सल्ल्याची आहे. दोन वर्षे मेहनतीने मिळवलेले क्रेडिट पुढच्या विद्यापीठाने मान्य केले नाहीत, तर विद्यार्थ्याचे पैसे आणि सत्र दोन्ही वाया जातात. ज्या घरात हा रस्ता आधी कोणी चाललेले नाही, तेथे ही गोष्ट फार उशिरा कळते. कॅलिफोर्नियात २०१०च्या कायद्याने पुढील प्रवेशासाठी खास दोन वर्षांची पदवी सुरू झाली. कोणते विषय तिच्यात मोजले जातात, हे पहिल्याच सत्रात समुपदेशकाबरोबर बसून ठरवून घ्यावे.

कॉलेजात ट्रायो नसेल, तर राज्याच्या योजनांची चौकशी करावी. न्यू जर्सीत १९६८पासून ‘एज्युकेशनल ऑपर्च्युनिटी फंड’ आणि कॅलिफोर्नियात १९६९पासून ‘एक्स्टेंडेड ऑपर्च्युनिटी प्रोग्रॅम्स अँड सर्व्हिसेस’ चालू आहेत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७मध्ये ‘असॅप’ ही योजना आणली. पायाभूत विषयांची तयारी आवश्यक असलेल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या तिच्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण योजनेबाहेरच्या विद्यार्थ्यांत २२ टक्के, तर योजनेतील विद्यार्थ्यांत ४० टक्के आढळले. या तिन्ही योजनांचे निकष आणि अर्ज वेगळे आहेत.

कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या महाविद्यालयात गेल्यावर ट्रायोचा सहभाग आपोआप पुढे जात नाही. तेथे ही योजना असल्यास नवा अर्ज, त्या वेळचे उत्पन्नाचे कागद आणि नवी स्वाक्षरी द्यावी लागते. म्हणून जुने कॉलेज सोडण्यापूर्वीच तेथील कार्यालयाकडून सहभागाचे पत्र घ्यावे आणि प्रवेश निश्चित होताच नव्या कार्यालयात सादर करावे.