हेवीवेट बॉक्सिंग: सगळ्या काळांतला सर्वात भारी कोण, हा वाद

जॅक जॉन्सन, जो लुई, रॉकी मार्सियानो, मुहम्मद अली, माइक टायसन, लेनॉक्स लुईस, ओलेक्सांद्र उसिक हे सगळे वेगवेगळ्या काळातले हेवीवेट चॅम्पियन, त्यातले बहुतेक एकमेकांशी कधी लढलेच नाहीत, आणि तरी यांच्यात सर्वात भारी कोण यावर बॉक्सिंग बघणारे लोक शंभरेक वर्षं भांडतायत. या वादात खरं तर दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. एक म्हणजे दोघांना त्यांच्या ऐन भरात रिंगमध्ये समोरासमोर उभं केलं तर कोण जिंकेल, आणि दुसरा म्हणजे आपापल्या काळात इतरांपेक्षा कोण जास्त उठून दिसला. पहिल्याचं उत्तर लेनॉक्स लुईस येऊ शकतं आणि दुसऱ्याचं जो लुई, आणि दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. कुठल्या प्रश्नावर बोलतोय हे आधी ठरवलं नाही तर बोलणं पुढे सरकतच नाही.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते वजन-उंचीवर. मार्सियानो ५ फूट १० इंच आणि साधारण १८५ पाउंडांचा, जॅक डेम्प्सी (१९१९ पासूनचा चॅम्पियन) उंचीने थोडा जास्त, पण वजनाने तसाच. आता क्रूझरवेटची (हेवीवेटच्या लगेच खालचा वजनगट) मर्यादा २०० पाउंड आहे, म्हणजे हे दोघं आज हेवीवेटमध्ये धरलेच गेले नसते. इकडे व्लादिमिर क्लिच्को साडेसहा फूट, टायसन फ्युरी ६ फूट ९ इंच. त्यामुळे जुने लोक आजच्यांपुढे टिकणार नाहीत असं सरळ म्हटलं जातं, पण डेम्प्सीने १९१९ मध्ये टोलेडोला जेस विलार्ड नावाच्या साडेसहा फुटी, आपल्यापेक्षा ५० पाउंडांहून जास्त वजनाच्या माणसाला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं होतं, हे पण लक्षात घ्यायला हवं. १९३४ मध्ये प्रिमो कार्नेरासारख्या आडदांड माणसाला मॅक्स बेअरने असंच लोळवलं. अर्थात विलार्ड आणि कार्नेरा यांच्याकडे क्लिच्कोचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नव्हता, उंच असणं आणि उंची वापरता येणं यात फार अंतर आहे. आणि मे २०२४ मध्ये रियाधला उसिकने जवळपास ४० पाउंड जास्त वजनाच्या फ्युरीला हरवून चारही बेल्ट (चार मुख्य संघटनांची चॅम्पियनपदं) एकत्र केले, तेव्हापासून नुसत्या वजनावर बोलणाऱ्यांची बाजू चांगलीच कमजोर झालीये.

मला विचाराल तर वजनापेक्षा राउंडचा मुद्दा कितीतरी मोठा आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. जॉन्सन आणि आधीचा चॅम्पियन जिम जेफ्रीज १९१० मध्ये रिनोला लढले ती मॅच ४५ राउंडची ठरलेली होती (१५ व्या राउंडमध्ये संपली ते सोडा). नंतर बरीच वर्षं टायटलची लढत १५ राउंडची असायची. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम दुक-कू या लाइटवेट बॉक्सरचा रिंगमधल्या माराने मृत्यू झाला आणि त्यानंतर हळूहळू सगळ्या संघटनांनी १२ राउंड केले. आता हे जुन्या निकालांना लावून बघा. मार्सियानोने १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला नॉकआउट करून टायटल घेतलं ते १३ व्या राउंडमध्ये, आणि तोपर्यंत तो तिन्ही जजेसच्या कार्डवर, म्हणजे गुणांवर, मागे होता! जो लुईने १९४१ मध्ये बिली कॉनला पाडलं तेही १३ व्यातच, आणि १२ राउंड संपले तेव्हा कॉन पुढे होता. आजचे नियम असते तर मार्सियानो त्या रात्री पॉइंट्सवर हरला असता, ४९-० (४९ विजय, एकही हार नाही) हा आकडाच झाला नसता, आणि लुईचं टायटल कॉनकडे गेलं असतं. उलट बाजूने पण बघायला हवं, आजचे अडीचशे पाउंडचे बॉक्सर १२ राउंडच्या हिशोबाने तयारी करतात, त्यांना १३, १४, १५ वा राउंड खेळायला लावला तर काय होईल कोणास ठाऊक. म्हणून काल्पनिक लढत लावायची तर आधी राउंड किती ते ठरवायचं, ग्लोव्हज किती औंसचे ते ठरवायचं, आणि कुठल्या वर्षाचा बॉक्सर घेतोय तेही, कारण १९६६ चा अली आणि १९७५ चा अली ही जवळपास दोन वेगळी माणसं आहेत.

दुसरी अडचण स्टाइलची. जो फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं, १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं, आणि १९७४ मध्ये किन्शासाला अलीने फोरमनला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं आणि त्याच नॉर्टनला फोरमनने दोन राउंडमध्ये संपवलं. एकाच काळात, एकाच नियमांखाली, एकमेकांशी प्रत्यक्ष लढलेल्या लोकांची सरळ उतरंड लागत नसेल तर पन्नास वर्षांच्या अंतराने जन्मलेल्यांची कशी लागणार. तरी लोकांनी प्रयत्न केलेच. १९६७ मध्ये मायामीच्या एका रेडिओ निर्मात्याने कॉम्प्युटरमध्ये माहिती भरून सगळ्या काळांतल्या चॅम्पियन लोकांची स्पर्धा लावली, त्यात मार्सियानो जिंकला आणि अली जेफ्रीजकडून हरला, त्यावर अली इतका चिडला की कोर्टात गेला. पुढे १९६९ मध्ये अली आणि रिटायर्ड मार्सियानो यांना खरंच रिंगमध्ये आणून शूटिंग केलं, वेगवेगळे शेवट चित्रित केले, आणि जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलं त्यात मार्सियानो १३ व्या राउंडमध्ये जिंकला. तो निकाल बघायला मार्सियानो नव्हता, काही महिने आधीच विमान अपघातात गेला होता. युरोपात अली जिंकतो असा शेवट दाखवला गेला.

आता नावांकडे. लुई सलग साडेअकरा वर्षांहून जास्त चॅम्पियन राहिला, १९३७ ते १९४९, आणि २५ वेळा टायटल राखलं, हा हेवीवेटचा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. मार्सियानो न हरता रिटायर झाला खरा, पण त्याने हरवलेले लुई, वॉलकॉट, आर्ची मूर हे सगळे पस्तिशी ओलांडलेले होते. लॅरी होम्स ४८-० पर्यंत पोचला आणि १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सकडे हरला, त्याला अलीच्या लगेच नंतर आल्यामुळे जेवढं मिळायला हवं तेवढं कधी मिळालं नाही. टायसन विसाव्या वर्षी चॅम्पियन झाला, स्पिंक्सला ९१ सेकंदांत उडवला, १९८६ ते १९८८ चा टायसन कुणालाही भारी पडला असता असं म्हणणारे खूप आहेत आणि ते अगदीच चुकीचं नाही, पण १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसकडे हरल्यावर तो आपल्या बरोबरीच्या मोठ्या नावाला हरवून परत उभा राहिलाय असं झालं नाही. लेनॉक्स लुईसने मात्र मॅकॉल आणि रहमान, ज्या दोघांनी त्याला हरवलं त्या दोघांनाही परत हरवलं.

माझ्या मते अलीच वर. सनी लिस्टन, फ्रेझर, नॉर्टन, फोरमन अशी हरवलेल्यांची एवढी ताकदीची यादी दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि वयाची पंचवीस ते अठ्ठावीस ही ऐन भरातली वर्षं त्याने सैन्यात जायला नकार दिल्यामुळे रिंगच्या बाहेर गेली, तरीही. लुई अगदी जवळ दुसरा. द रिंग मासिकाचा संस्थापक नॅट फ्लायशर मात्र जॅक जॉन्सनलाच पहिला मानायचा.

या सगळ्या याद्या चॅम्पियन झालेल्यांच्याच असतात, आणि तिथे मोठा अन्याय आहे, कारण वर्णभेदामुळे कित्येक कृष्णवर्णीय बॉक्सरांना टायटलची संधीच मिळाली नाही. चॅम्पियन जॉन एल. सुलिव्हनने कृष्णवर्णीय पीटर जॅक्सनशी लढायला नकार दिला, सॅम लँगफर्डला हेवीवेट टायटलची एक संधीसुद्धा मिळाली नाही, आणि डेम्प्सी चॅम्पियन असताना हॅरी विल्स वर्षानुवर्षं वाट बघत राहिला, ती लढत झालीच नाही. क्युबाच्या तेओफिलो स्टीव्हनसनचं कारण वेगळं. १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, पण त्याच्या देशात प्रोफेशनल बॉक्सिंगला बंदी होती आणि तो देश सोडून गेला नाही, त्यामुळे अलीशी त्याच्या लढतीची चर्चा फक्त चर्चाच राहिली.