सायबर दहशतवाद: शब्द आधी आला, घटना नंतर

‘सायबर दहशतवाद’ हा शब्द बॅरी कॉलिन या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकात वापरात आणला. तेव्हा इंटरनेट घराघरांत पोचलंही नव्हतं. त्यामुळे बराच काळ या शब्दामागे घटना कमी आणि धास्तीच जास्त होती. वेबसाइट विद्रूप केली तरी लोक हाच शब्द वापरत.

मे २००० मध्ये संगणक-सुरक्षेच्या अभ्यासक डोरोथी डेनिंग यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याला चौकट घातली. हल्ल्यामागे राजकीय किंवा सामाजिक हेतू हवा, सरकारला किंवा जनतेला धमकावणं हा उद्देश हवा आणि नुकसान लोकांमध्ये भीती पसरेल इतकं गंभीर हवं. मला ही चौकट आजही महत्त्वाची वाटते. पैशासाठी केलेल्या प्रत्येक हॅकिंगला दहशतवाद म्हणत सुटलो, तर खऱ्या धोक्याचं गांभीर्यच उरत नाही.

२००७ च्या एप्रिलमध्ये एस्टोनियाने रशियाचा विरोध असतानाही राजधानी टॅलिनमधला सोव्हिएत काळातला सैनिकाचा पुतळा हलवला आणि बँका, वृत्तपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांच्या सर्व्हरवर ते कोलमडावेत म्हणून खोट्या विनंत्यांचा भडिमार सुरू झाला. तो अधूनमधून जवळपास तीन आठवडे चालला. पुढच्याच वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र टॅलिनमध्ये उभं राहिलं.

पण असा हल्ला नेमका केला कोणी, हे लगेच कळतंच असं नाही. एप्रिल २०१५ मध्ये ‘टीव्ही५ मोंद’ या फ्रेंच दूरचित्रवाणी संस्थेच्या वाहिन्या एका रात्रीत बंद पडल्या आणि तिच्या फेसबुक पानावर ‘सायबर खिलाफत’ या नावाने मजकूर झळकला. पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकाच्या कार्यालयात इस्लामी दहशतवाद्यांनी केलेल्या हत्याकांडाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. लोकांनी त्या नावावर लगेच विश्वास ठेवला. पुढे तपासाचा रोख रशियाशी जोडल्या गेलेल्या हॅकर गटाकडे वळला. म्हणजे नाव एकाचं आणि हात बहुधा दुसऱ्याचा. समाजावर होणारा हा परिणाम मला सर्वांत घातक वाटतो: खरा गुन्हेगार कळेपर्यंत संशय भलत्यांवर जाऊन बसलेला असतो.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला, ऐन थंडीत, पश्चिम युक्रेनच्या एका वीज नियंत्रण कक्षात पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप सरकू लागला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकेक ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, बंद होत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. तक्रार नोंदवावी, तर फोनच्या लाइनही खोट्या कॉल्सनी भरून ठेवलेल्या. शेवटी कर्मचारी उपकेंद्रांवर गेले आणि हाताने ब्रेकर चढवून त्यांनी काही तासांत वीज परत आणली. ही जुनी, हाताची सोय शिल्लक होती म्हणूनच ते जमलं. या हल्ल्यामागे एका देशाची यंत्रणा असल्याचं मानलं जातं, त्यामुळे याला दहशतवाद म्हणावं की युद्ध, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. अंधारात बसलेल्या माणसाला तो फरक कळत नसतो.

दहशतवादाशी थेट नातं सांगणारं प्रकरणही २०१५ चंच. मूळ कोसोव्होच्या एका तरुणाने एका कंपनीच्या सर्व्हरमधून अमेरिकी सैन्यातल्या आणि सरकारी सेवेतल्या सुमारे १,३०० जणांची माहिती चोरून ‘इस्लामिक स्टेट’ला दिली. ऑगस्टमध्ये ती यादी धमकीसह जाहीर झाली. त्यात ईमेल पत्ते होते, फोन क्रमांक होते. कुठेही वीज गेली नाही, कुठलीही बँक बंद पडली नाही. त्याला मलेशियात पकडलं आणि २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने २० वर्षांची शिक्षा सुनावली.