शंभर फॉर्म भरले म्हणजे संशोधन झालं?

यवतमाळकडच्या कॉलेजांत एम.ए. समाजशास्त्राच्या पोरांमध्ये एक समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय: किमान शंभर प्रश्नावल्या हव्यातच, वीस मुलाखतींचं संशोधन म्हणजे पारावरच्या गप्पा.

हे चूक आहे. एखादी गोष्ट किती टक्के घरांत घडते, हे सांगायचं असेल तर मोठा नमुना लागतोच. पण ती कशी आणि का घडते, हे शोधताना माणसं हेतूने निवडतात, आणि नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं की थांबतात. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये मांडलेली संपृक्ततेची कल्पना ढोबळमानाने हीच. शंभर हा आकडा त्यात कुठेच नाही.

माझाच अनुभव. घरात निर्णय कोण घेतं, याचा फॉर्म ओसरीवर भरताना एक काकू म्हणाल्या, ‘घरचं सारं मालकच पायतेत.’ मी खूण केली, पुढे गेलो. दोन दिवसांनी त्यांच्यासोबत कापूस वेचत होतो (माझा जेमतेम तीन किलो झाला, त्या हसत होत्या), तेव्हा सहज बोलल्या, ‘बकरी म्याच इकली. त्यायले मंग सांगतलं.’ फॉर्मवरची खूण खोटी नव्हती, अर्धी होती. ओसरीवर सासरे बसले होते, हे मी वहीत टिपलंच नव्हतं.

आणि मुलाखतींचं काम सोपं म्हणाल, तर तासाभराचं वऱ्हाडी रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवून बघा. माझा अख्खा रविवार जातो.