बंद काचेवरच्या माश्या येतात कुठून?

पावसाळा लागला की मुंबईत हा प्रश्न दर वर्षी कानावर येतो. खिडक्या बंद, जाळ्या शाबूत, कचऱ्याचा डबा रोज रिकामा होतोय, ओटा लख्ख. आणि एका सकाळी हॉलच्या काचेवर पंधरा-वीस मोठाल्या माश्या घोंगावताना दिसतात. त्या मारल्या की दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पुन्हा हजर. मग शेजारच्यांच्या कुंडीतल्या खतावर संशय, मग गच्चीतल्या टाकीवर, आणि सगळे तर्क संपले की घरातलं कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, ‘कुणी काही केलं तर नाही ना?’

उत्तर त्या काचेवरच असतं. अन्नाच्या वासाने बाहेरून आत आलेली माशी ओट्यावर, ताटावर, डब्याच्या कडेवर बसते. अन्नाकडे ढुंकूनही न बघता उजेडाच्या दिशेने काचेवर धडका देणारी माशी आत आलेली नसते, तिला बाहेर जायचं असतं. ती बहुधा तुमच्या घरातच जन्मली आहे.

आता तिचा रंग बघा. राखाडी अंग आणि पाठीवर चार काळे पट्टे असतील तर ती साधी घरमाशी. कचरा, शेण, कुजका ओला पाला यांत वाढणारी. बाथरूमच्या टाइल्सवर बसणाऱ्या इवल्याशा केसाळ माश्या नहाणी ट्रॅपमधल्या बुळबुळीत थरात वाढतात, तो थर ब्रशने खरवडला की जातात. चिलटं पिकल्या केळ्यांवरची. पण अंगावर निळी-हिरवी चकाकी आणि मोठे तांबडे डोळे असतील, तर ती क्रायसोमिया गटातली माशी असण्याची शक्यता दाट. तिच्या अळ्या मुख्यतः मेलेल्या प्राण्यावर वाढतात आणि मुंबईच्या इमारतीत हा प्राणी बहुतेक वेळा उंदीर असतो. फॉल्स सीलिंगच्या वर, पाइपांच्या डक्टमध्ये, नाहीतर किचनच्या कपाटांखालच्या पट्टीमागे तो पडलेला असतो.

इथे एक समजूत आड येते. विष खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात बाहेर जाऊन मरतो, असं दुकानदारही छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधांनी रक्त गोठणं थांबतं आणि काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो. आजारी उंदीर दडून बसतो तो त्याच्या नेहमीच्या आडोशालाच.

पुढचं गणित तापमानाचं. मुंबईच्या पावसाळी हवेत, म्हणजे 27 ते 30 अंशांना, मादीने एका खेपेला घातलेली 200-300 अंडी दिवसभरात फुटतात. अळ्या चार-पाच दिवस अधाशासारख्या खातात आणि मग एकाएकी खाणं सोडून निघतात. कोरडी, अंधारी फट मिळेपर्यंत त्या सरपटत राहतात आणि तिथे कोषात जातात. आणखी चार-पाच दिवसांनी माश्या बाहेर पडतात, बहुतेक पहाटेच्या सुमारास. म्हणजे अंडी घातल्यापासून सुमारे दहा दिवस. माश्या दिसतात तेव्हा वासाचा जोर ओसरलेला असतो आणि त्या ज्या खोलीत दिसतात तिथेच उंदीर मेलेला असतो असंही नाही. ‘वास तर कधी आलाच नाही’ या तक्रारीचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पण बंदिस्त छतातून, सुरीचं पातंही जेमतेम शिरेल अशा फटीतून एवढी मोठी माशी खाली येतेच कशी? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतो तो हा भाग.

अळीची शेवटची कात गळून पडत नाही. ती आक्रसते, कडक होते, तपकिरी पडते आणि तीच कोषाचं कवच बनते. आत तयार झालेल्या माशीला ते कुरतडायला जबडे नसतात. तिच्या कपाळावर, मिशांच्या वर, एक मऊ पिशवी असते: टायलिनम. पोट आवळून माशी अंगातला द्रव डोक्याकडे रेटते, पिशवी फुग्यासारखी बाहेर येते आणि कवचाचं टोक टोपणासारखं उडतं. बाहेर पडल्यावरही माशी थांबत नाही. पंख चुरगळलेले, अंग फिकट राखाडी आणि पिळपिळीत; पिशवी फुगव, आत घे, पुन्हा फुगव, असं करत ती माती किंवा धूळ बाजूला सारत पुढे सरकते.

1935 मध्ये कीटकशास्त्रज्ञ गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी निळ्या माशीवर केलेल्या निरीक्षणांत दाखवलं, की माशीला खणत ठेवलं तर तिचं अंग कडक व्हायचं लांबतं. मोकळी जागा मिळाली की मगच पंख उलगडतात आणि कातडी टणक, गडद होते. 1962 मध्ये फ्रेंकेल आणि सियाओ यांनी यामागचं संप्रेरक हुडकलं. त्याचं नाव बर्सिकॉन. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीची मान दोऱ्याने आवळली तर मानेमागचं अंग फिकटच राहतं. त्याच माशीला कडक होत असलेल्या दुसऱ्या माशीचं रक्त टोचलं तर ते गडद होतं. बर्सिकॉन पेशींना चिकटलं की आत रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते आणि शेवटी तयार होणारे रेणू कातडीतल्या प्रथिनांना एकमेकांत घट्ट जखडतात. एकदा हे झालं की पिशवी कायमची आत जाते. भिंगाखाली माशीच्या कपाळावर तिची कमानदार शिवण तेवढी दिसते.

जोवर अडचण आहे तोवर माशी मऊच राहते, आणि मऊ अंग अरुंद फटीतून निघतं. यात करणी नाही आणि वास्तुदोषही नाही. मांसावर अळ्या आपोआप होत नाहीत हे इटालियन वैद्य फ्रान्चेस्को रेडी यांनी 1668 मध्येच भांड्यांवर जाळीचं कापड बांधून दाखवलं. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी माश्यांच्या नावाखाली घाबरलेल्या माणसाकडून शांतीचे पैसे उकळणं ही सरळ लुबाडणूक आहे. प्लगला लावून आवाजाने उंदीर-किडे पळवायचा दावा करणाऱ्या ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्रांचंही तेच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2001 मध्ये साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना या दाव्यांबद्दल ताकीद दिली होती. आपल्याकडे ती अजून धडाक्यात विकली जातात.

तर करायचं काय? खोलीत फवारा मारून कवचातल्या माश्या मरत नाहीत. दिवे बंद करा, पडदे ओढा, एकच खिडकी सताड उघडी ठेवा. नव्या माश्या उजेडाकडे आपणहून जातात. मग टॉर्च घेऊन फॉल्स सीलिंगच्या कडा, सोफ्यामागचा कोपरा, गालिच्याखालची जागा तपासा. आठ-नऊ मिलिमीटरचे, गडद तपकिरी, आडव्या वळ्यांचे दाणे सापडतील, तीच कोषाची कवचं. लोक ते उंदराच्या लेंड्या समजून झाडून टाकतात. एक उचलून बोटांत दाबा: पोकळ असेल, टोक उडालेलं असेल, तर माशी निघून गेली आहे, भरीव असेल तर ती अजून आत आहे. असे दाणे जिथे जास्त सापडतील तिथून काही फुटांच्या आत शोध सुरू करा, आधी वरच्या बाजूला. उंदीर मिळाला तर हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधा आणि जागा ब्लीचने पुसा.

नाहीच मिळाला तर छत फोडायची घाई नको. एका उंदराचं मांस एका पिढीत संपतं, उरलेल्या वाळक्या चामड्यावर दुसरी पिढी पोसली जात नाही. आठवडा-दोन आठवड्यांत माश्या बंद होतात. त्यानंतरही येत राहिल्या तर दुसरा उंदीर किंवा वेगळाच उगम आहे असं समजा. आणि एसीचा तांब्याचा पाइप भिंतीतून जातो तिथली फट, सिंकखालच्या पाइपाभोवतीचं भोक आणि डक्टची तुटकी जाळी या तीन जागा सिमेंट आणि बारीक तारेच्या जाळीने बुजवून टाका. उंदीर बहुधा तिथूनच आला होता.