निरामय आरोग्य विमा योजना

निरामय ही स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीची आरोग्य विमा योजना आहे. ती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासामार्फत चालते. हा न्यास १९९९ च्या कायद्याने स्थापन झाला आणि तो कायदाच या चार अवस्थांपुरता आहे. त्यामुळे नुसते अंधत्व किंवा नुसते बहिरेपण असलेल्याचे नाव यात घालता येत नाही. विम्याचे संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत असते. वयाची अट नाही, नाव नोंदवताना वैद्यकीय तपासणीही नाही.

योजनेचे खरे वेगळेपण रकमेत नाही. नेहमीचा मेडिक्लेम प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतो, आणि ऑटिझम असलेल्या मुलाचा खर्च बहुधा रुग्णालयाच्या खाटेवर होतच नाही. तो होतो स्पीच थेरपीच्या छोट्या खोलीत, ऑक्युपेशनल थेरपीच्या झोपाळ्यावर, फिजिओथेरपीच्या सतरंजीवर, आणि तिथवर जाण्या-येण्याच्या रिक्षात. निरामयमध्ये बाह्यरुग्ण उपचार, औषधे, तपासण्या, नियमित थेरपी, दातांचे उपचार, पर्यायी औषधोपचार आणि प्रवास या सगळ्यांसाठी तरतूद आहे. ज्याने कोणी ही यादी केली, त्याने अशा घराचा महिन्याचा हिशेब पाहिलेला असावा.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला नोंदणीसाठी २५० रुपये आणि इतरांना ५०० रुपये भरावे लागतात. नूतनीकरण अनुक्रमे ५० आणि २५० रुपयांत होते. आईवडिलांखेरीज दुसरे कोणी कायदेशीर पालक असतील तर शुल्क माफ आहे. विम्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोंदणी न्यासाकडे नोंद असलेल्या स्वयंसेवी संस्थेमार्फत करता येते, आणि तालुक्याच्या गावात ही वाट सोयीची पडते, कारण अर्ज कसा भरायचा हे संस्थेतल्या ताईंना तोंडपाठ असते.

मात्र लाखाच्या आकड्यावर भुलू नये. त्याचे आतून कप्पे पाडलेले आहेत: शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा, बाह्यरुग्ण उपचारांना वेगळी, थेरपीला वेगळी, एका कप्प्यातले उरलेले पैसे दुसऱ्यात वळवता येत नाहीत. आठवड्याला दोन सत्रे धरली तर वर्षाची शंभरावर होतात. एका सत्राचे ५०० रुपये धरले तरी पन्नास हजार उलटतात, आणि थेरपीचा कप्पा त्याच्या आधीच रिकामा होतो. शिवाय पैसे आधी खिशातून जातात आणि नंतर परत मिळतात. म्हणून अशा घरांत प्लास्टिकची एक जाड फाइल असतेच. प्रत्येक पावतीवर मुलाचे नाव, तारीख, सही, शिक्का आहे ना, हे तिथल्या तिथे बघून घ्यावे लागते. शिक्का राहिला म्हणून दावा परत आला की पुन्हा खेटे.

या सगळ्याचे दार म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. त्यामुळे न्यासाच्या कायद्यात नाव आहे, पण प्रमाणपत्राच्या रकान्यात नाही, अशी विचित्र स्थिती बरीच वर्षे होती आणि अनेक मुलांच्या कागदावर ‘मतिमंद’ असेच लिहिले गेले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले आणि त्यांत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली. त्याचे मोजमाप चाळीस मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर होते: नजरेला नजर देतो का, हाक मारल्यावर वळतो का, तेच तेच शब्द बोलतो का. सिव्हिल हॉस्पिटलच्या गजबजलेल्या ओळीत तासभर थांबून कावलेले मूल डॉक्टरांसमोर घरच्यासारखे वागत नाही, हे तिथे गेलेल्या कोणत्याही आईला ठाऊक आहे. लहान मुलांना प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते मिळते. मुदत संपली की पुन्हा तीच ओळ.

निरामय हा विमा आहे, दरमहा मिळणारे अनुदान नव्हे. त्यासाठी महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे पाहावे लागते. तिला उत्पन्नाची कडक मर्यादा आहे. गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांचा समावेश आहे. केंद्राचे इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन वयाच्या अठराव्या वर्षी सुरू होते आणि त्याला ८० टक्के दिव्यांगत्व लागते, म्हणजे वाढत्या वयातल्या खर्चाला त्याचा उपयोग नाही. नोकरदार पालकांना १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीने ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची सरसकट वजावट दिली. पण जुनी करप्रणाली निवडली तरच. ज्याला करच लागू नाही त्याच्या हाती यातून काही पडत नाही.

थेरपीला नेण्या-आणण्यासाठी घरातली एक मिळकत बहुतेकदा थांबते, आणि बहुतेकदा ती आईची असते. त्या नुकसानीसाठी निरामयमध्ये कप्पा नाही.