औषध-चयापचयातल्या आनुवंशिक फरकांसाठी रॅट-माइस: प्राणी नीती समितीकडे अर्ज

अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने जात नाही. प्रमुख संशोधक म्हणून मार्गदर्शक सही करतो, आणि संस्था सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती) नोंदलेली असावी लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या तुमच्या फार्मसी कॉलेजला अशी नोंदणी नसेल, तर नोंदणी असलेल्या संस्थेत काम करा आणि अर्जही तिथल्याच प्राणी नीती समितीपुढे ठेवा. रॅट-माइससाठी या समितीची मंजुरी पुरते.

अर्ज फॉर्म बी वर करायचा. प्रोटोकॉल, प्राणी हाताळणाऱ्यांचा अनुभव, नोंदणीकृत पुरवठादार, वेदनाशमन आणि शेवटी प्राण्याचं काय करणार, हे सगळं त्यात येतं. मानवी सीवायपी२डी६ (औषधांचं चयापचय करणाऱ्या एका एन्झाइमचं) जनुक घातलेले माइस वापरायचे असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरीही लागते.

खरी अडचण प्राण्याच्या वर्णनात येते. नुसतं 'अल्बिनो रॅट' लिहू नका; या विषयात वाण हाच प्रयोग असतो. डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधाच्या मंद चयापचयासाठी डार्क अगुटी रॅट घेतात, पण मादी. नरात ही कमतरता तेवढी ठळक नसते. तुलनेला स्प्रॅग-डॉली मादीच हवी. गन रॅटमध्ये बिलिरुबिन या पित्तातल्या पिवळ्या द्रव्याचं ग्लुकुरोनिडेशन (साखरेसारखा रेणू जोडून ते बाहेर टाकण्याजोगं करणं) होत नाही, मात्र ते जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष, म्हणजे होमोझायगस, असलेल्या प्राण्यांतच. 'होमोझायगस' हा शब्द फॉर्ममध्ये हवाच. अॅसिटिलेशनसाठी (औषधाला अॅसिटिल गट जोडण्यासाठी) ए/जे मंद आणि सी५७बीएल/६ जलद हे माइस घेतात. इथे बरेच जण फसतात: माइसचं नॅट२ हे अॅसिटिलेशन करणारं एन्झाइम कामाने माणसाच्या नॅट१शी जुळतं. म्हणून माणसात नॅट२ तपासायला वापरतात त्या आयसोनियाझिडऐवजी पॅरा-अमिनोबेंझोइक अॅसिड घ्या.

संख्येचं गणित मांडून दाखवा. दोन वाण, औषध आणि कंट्रोल असे 4 गट, प्रत्येकी 6 म्हणजे 24 रॅट. एकूण प्राण्यांतून गट वजा केले की 20 उरतात. हा आकडा 10 ते 20 मध्ये बसला की संख्या पटते. 200 ग्रॅमच्या रॅटमध्ये सुमारे 13 मिली रक्त असतं, म्हणून 0.2 मिलीचे सहापेक्षा जास्त नमुने मागू नका.

कोकणात पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. खोलीतली आर्द्रता 30 ते 70 टक्के हवी. जुलैत डीह्युमिडिफायर आणि जनरेटरशिवाय ती राखणं अवघड. दमट खाद्याला बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालतं. देवदार-पाइनचा भुसा तर टाळाच: त्यातल्या बाष्पाने यकृतातली एन्झाइमं वाढतात आणि मंद वाणही जलद वाटू लागतो. मक्याच्या कणसाचं बेडिंग घ्या, तेही कोरडं. दरड कोसळून घाट बंद पडला की प्राणी वाटेत अडकतात, म्हणून मागणी गणपतीनंतरची ठेवा. आल्यावर किमान एक आठवडा क्वारंटाइन.

मंजुरीनंतर प्रत्येक प्राण्याची नोंद फॉर्म डी मध्ये होते आणि मृतदेह जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात. वाण, लिंग किंवा डोस बदलायचा असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज समितीकडे द्या, मगच बदल करा.