पुस्तक आपणच लिहिलंय, याचा दाखला कुठे मिळतो?

वेंगुर्ल्याच्या एका काकू मध्यंतरी तीन दोनशेपानी वह्या घेऊन आमच्याकडे आल्या. मासे सुकवण्याच्या आठवणी, सगळ्या निळ्या शाईत. कुठे ‘बांगडे’ खोडून ‘खारे बांगडे’ केलेलं, समासात मिठाचा हिशेब. छापायच्या आधी त्यांचा प्रश्न एकच: “ह्यां मियां लिवलंय, मशिनीन नाय, असो दाखलो खंय गावतलो?”

असा सरकारी दाखला भारतात नाही. कोणी पैसे घेऊन देतो म्हणाला तर देऊ नका.

अमेरिकेतल्या ‘ऑथर्स गिल्ड’ या लेखक संघटनेनं जानेवारी 2025 मध्ये ‘ह्यूमन ऑथर्ड’ (माणसानं लिहिलेलं) हे चिन्ह सुरू केलं, सुरुवातीला फक्त आपल्या सभासदांसाठी. लेखकानं संकेतस्थळावर पुस्तक नोंदवायचं, मजकूर स्वतः लिहिल्याचं मान्य करून करार करायचा, मग चिन्ह वापरता येतं. शुद्धलेखन किंवा व्याकरण तपासायला एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, वापरलं तर चालतं. म्हणजे तिथेही सगळा भार लेखकाच्या शब्दावरच आहे.

आपल्याकडे हाताशी आहे ती कॉपीराइट नोंदणी. ती सक्तीची नाही आणि त्या प्रमाणपत्रावर ‘माणसानं लिहिलं’ असं छापूनही येत नाही. पण लेखक म्हणून तुमचं नाव सरकारदरबारी लागतं. वाद झाला तर हा कागद उपयोगी पडतो, म्हणून मी प्रत्येकाला करायला सांगतो. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर, नमुना 14 मध्ये. साहित्यकृतीला शुल्क 500 रुपये. सोबत ओळखपत्र आणि पुस्तकाची प्रत. प्रकाशक वेगळा असेल तर त्याचं ना-हरकत पत्र. वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र. अर्ज भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. त्यानंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. नाव आधारकार्डावर आहे तसंच लिहा. माहेरचं एका कागदावर नि सासरचं दुसऱ्यावर झालं की अर्ज उगाच अडकतो.

ई-बुक अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर (लेखकाला स्वतःच पुस्तक प्रकाशित करता येतं ती सेवा) टाकणार असाल तर तिथे सप्टेंबर 2023 पासून एआयबद्दल विचारतात. मजकूर, चित्रं किंवा भाषांतर एआयनं तयार केलं असेल, तर नंतर कितीही हात फिरवला तरी ते सांगावंच लागतं. स्वतः लिहून फक्त सुधारणेला मदत घेतली असेल तर सांगायची गरज नाही. मुखपृष्ठावरचं नारळीच्या बनाचं चित्र एआयचं असेल तर तेही सांगा. इथेच बरेच जण चुकतात.

कॉपीराइटच्या पानावर दोन ओळींचं निवेदन मात्र कोणालाही विनाशुल्क छापता येतं: ‘या पुस्तकातला सर्व मजकूर लेखिकेनं स्वतः लिहिला आहे. शुद्धलेखन तपासण्यापलीकडे एआयचा वापर केलेला नाही.’ खरं असेल तेवढंच लिहा.

आणि कच्चे खर्डे टाकू नका. खाडाखोड, तारखा, संपादकाशी झालेली पत्रं, संगणकावरच्या जुन्या फायली हाच तुमचा खरा पुरावा. आपल्याकडे पावसात वह्यांना बुरशी येते, वाळवी तर वाटच बघत असते. स्कॅन करून एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक मुंबईच्या नातेवाइकांकडे ठेवा. काकूंची पहिली वही स्कॅन झालीय. उरलेल्या दोन मिरगाआधी उरकायच्या आहेत.